भाऊंची एफसी, माझे चार पावसाळे

मांगरात, म्हणजे आमच्या शेडमध्ये, उभी असलेली गाडी बाहेर काढायला शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणला, तर तिची मागची चाकं फिरेनातच. ओल्या मातीत दोन चर पाडत ती अंगणापर्यंत आली. 2019 च्या दिवाळीनंतरचा आठवडा होता. आई पडवीत उभी राहून बघत होती. गाडी थांबल्यावर ती खाली उतरली, पदराने पुढच्या काचेवरची कोळिष्टकं पुसली आणि आत डोकावून म्हणाली, "ह्यांची छत्री अजून इथेच आहे रे."

ही महिंद्राची एफसी-150 पिकअप. वडिलांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, 1972 मध्ये घेतली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. हिला बोनट नाही. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली असतं. मूळची गाडी अमेरिकेच्या विलीज जीपच्या घराण्यातली, तिचा आकार ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. दोन आसांमधलं अंतर फक्त 81 इंच, त्यामुळे कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, अरुंद वाटेवरही ती वळायची. पण सगळं वजन पुढे. रिकामी असताना जोरात ब्रेक दाबला की मागचा भाग हलका होऊन घसरायचा, म्हणून भाऊ परतताना हौद्यात चार चिरे टाकून आणायचे.

आमचं घर गोव्यात, साखळीजवळ. सुपारी, केळी, मिरी, थोडी पानवेल. दर शुक्रवारी पहाटे भाऊ माल भरून म्हापशाच्या बाजारात जायचे आणि अधूनमधून पणजीला. 1986 च्या जुलैत पणजीला जायचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला. मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर अलीकडच्या काठावर बेतीला फेरीबोटीच्या रांगेत किती तास काढले याचा हिशेब नाही. पाऊस कोसळत असायचा, काचा वाफाळलेल्या, मागे ताडपत्रीखाली केळ्यांचे घड, आणि मध्ये ते इंजिनचं झाकण चुलीसारखं तापलेलं. आईने दिलेला डबा भाऊ त्या झाकणावर ठेवायचे. दोन तासांनी उघडला तरी भाजी गरम असायची. गाडीची आठवण म्हटली की मला आधी तो वास येतो: पेट्रोल, ओला गोणपाट आणि बटाट्याची भाजी.

2005 मध्ये भाऊंचे गुडघे गेले आणि गाडी मांगरात गेली. मी तोवर खाणीवर स्वतःचा एक टिपर चालवत होतो. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीतल्या निकालाने 88 लीजचं नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. टिपर विकला. भाऊ त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. हाताला काम नव्हतं आणि मांगरात गाडी होती.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवली होती. गाडी उभी करायची ती ओझं वाहण्यासाठी. रॅलीत नेऊन फडक्याने पुसत बसायला नाही. या एका निर्णयाने पुढचे अनेक प्रश्न आपोआप सुटले: रंग किती चकचकीत हवा, हौदा कशाचा, कुठला पोचा काढायचा आणि कुठला ठेवायचा.

मला वाटत होतं आधी इंजिन फिरवून बघावं. डिचोलीत एक म्हातारे मेस्त्री आहेत, त्यांनी भाऊंच्या काळात हीच गाडी खोललेली. त्यांना घरी आणलं. ते गाडीभोवती एक फेरी मारून चाकाशी बसले आणि म्हणाले, "आदीं ब्रेक कर, मागीर इंजीन." मला ते पटायला वेळ लागला. पण इंजिन सुरू झालं की माणूस थांबत नाही, गाडी हलवून बघतोच, आणि थांबवायला काहीच नसतं. आज कोणी विचारलं तर मीही हेच सांगतो.

ड्रम निघायलाच तीन दिवस लागले. आतले व्हील सिलिंडर गच्च, पिस्टन जागेवर चिकटलेले, रबरी कप डांबरासारखे झालेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, हे ऐकून माहीत होतं. चौदा वर्षांत त्या पाण्याने काय केलं ते त्या दिवशी पाहिलं. चारही सिलिंडर नवे घातले. जीपच्या जातीची गाडी असल्याचा हा फायदा: ब्रेक, गिअरबॉक्स, आस यांचं सामान अजून मिळतं, कारण जुन्या जीप आपल्याकडे अनेक दशकं बनत राहिल्या. मिळत नाही ते फक्त एफसीचं असं जे आहे ते. दरवाजे, काचेभोवतीचं रबर, पुढचा पत्रा. ते जपूनच दुरुस्त करावं लागतं. लोखंडी ब्रेक पाइप सगळे बदलून तांबे-निकेलचे टाकले. थोडे महाग पडले, पण आमच्या हवेत ते सडत नाहीत.

ब्रेकची हवा काढायला मुलगी मदतीला होती. पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून जे चाक सगळ्यात लांब, तिथून सुरुवात करायची. ती आत पेडलवर, मी खाली निप्पलवर पाना आणि बाटलीत बुडवलेली नळी घेऊन. "दाब. धर. धरून ठेव." मी निप्पल सोडायचो, नळीतून बुडबुडे यायचे, मी आवळायचो. "सोड." चौथ्या चाकापर्यंत तिचा पाय दुखायला लागला होता. मग एकदम ती वरून ओरडली, "बाबा, आता दगडासारखं लागतंय!" मी गाडीखाली होतो. पाठीखाली गोणपाट ओला झालेला, चेहऱ्यावर ब्रेक ऑइल. तसाच थोडा वेळ पडून राहिलो.

मग इंजिन. हरिकेन म्हणतात त्याला. चार सिलिंडर, 2.2 लिटर, पेट्रोल. त्याची रचना आजच्या इंजिनांसारखी नाही. आत येणाऱ्या मिश्रणाचे वॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि जळका धूर बाहेर सोडणारे वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. माझा हात डिझेलवर बसलेला, पॉइंट-कॉईलशी, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेशी, कधी संबंध आलेला नव्हता. प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओतलं आणि पंधरा दिवस रोज पुलीच्या नटावर सॉकेट लावून हळूच जोर देत राहिलो. जोर हळूच द्यायचा. अडकलेली रिंग झटक्याने तुटते आणि सिलिंडरला ओरखडा काढते. अकराव्या दिवशी केसभर हललं. पंधराव्या दिवशी पूर्ण फेरी झाली.

पण तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, 20 पीएसआयवर अडकलेलं, बाकीचे 70 च्या आसपास. हेड उतरवलं तर त्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे. बोअर केल्याशिवाय, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद केल्याशिवाय, मार्ग नव्हता. इंजिन मित्राच्या गाडीत घालून चोर्ला घाटातून बेळगावला, उद्यमबागेत नेलं. तिथल्या कारागिराने इंजिनकडे बघण्याआधी विचारलं, "पिस्टन आणलात?" मी आणले नव्हते. त्याने काम घेतलंच नाही. आधी 30 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजचे पिस्टन आणा, ते मोजून, भिंत आणि पिस्टन यांच्यात 3 थाऊ जागा सोडून बोअर करतो, म्हणाला. पिस्टनवर छापलेल्या आकड्यावर विसंबून आधी बोअर करून घेतलेली इंजिनं त्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात पडलेली होती. एक फेरी वाया गेली, पण त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

जुळणी घरी केली. ठिणगीचा क्रम 1-3-4-2. पॉइंटचा गॅप 20 थाऊ, प्लगचा 30. थंड इंजिनवर वरच्या वॉल्व्हला 18 थाऊ, खालच्याला 16. खालचे वॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढून, वाकून, फिलर गेज बोटांच्या टोकांनी धरून लावावे लागतात. मला दोन संध्याकाळी लागल्या. घाई करून ते घट्ट ठेवले तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून बाहेर जात नाही आणि तो कडेने जळतो. जरासा टिकटिक आवाज चालेल, जळलेला वॉल्व्ह चालणार नाही.

2021 च्या डिसेंबरात ती सुरू झाली. आई पूजेला बसली होती. आवाज ऐकून घंटा हातात तशीच घेऊन बाहेर आली.

यातलं काहीच पत्र्याइतकं कठीण नव्हतं. गोव्यात जुनी गाडी जपायची म्हणजे पाण्याशी संसार करायचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली, आणि आमची तांबडी माती एकदा पत्र्याच्या खोबणीत शिरली की स्पंजासारखं पाणी धरून बसते. वरून गाडी ठीक दिसत होती. मॅट उचलली. खाली कधीकाळी पाय गरम लागू नयेत म्हणून अंथरलेला गोणपाट होता. तो काढला, स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो आरपार जाऊन खाली जमिनीवर पडला. पुढच्या नाकावर चुंबक फिरवलं. तीन ठिकाणी चिकटलं नाही. तिथे बोटभर जाड पुट्टी होती, आणि पुट्टीमागे पत्रा नव्हताच.

मेस्त्रींनी सांगितलेली एक गोष्ट मी आता सगळ्यांना सांगतो: गंजलेला भाग कापताना लोभ धरू नका. डोळ्यांना चांगला दिसतो तिथून अजून दोन बोटं पुढे कापा. पातळ झालेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही, आणि धरलं तरी दोन पावसाळ्यांत त्या शिवणीतूनच सुटतं. पहिला तुकडा मी घरच्या आर्क मशीनने जोडायला गेलो आणि पत्र्याला भोकं पाडली. मग बारीक तारेने वेल्डिंग करणारं मिग मशीन भाड्याने आणलं. 18 गेजचा पत्रा, एक टाका या टोकाला, पुढचा त्या टोकाला, हात लावून गार झाल्याशिवाय तिसरा नाही. सलग वेल्डिंग ओढलं की पत्रा पापडासारखा फुगतो. केबिनच्या तळाला एक अख्खा फेब्रुवारी गेला. आतल्या बाजूला गंज बदलणारं फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं द्रावण, मग प्रायमर, मग रंग. नुसतं रेड ऑक्साइड लावून पावसाळ्यात गाडी ठेवणारे बरेच असतात. तो थर पाणी पिऊन घेतो. त्यावर रंग चढलाच पाहिजे. आणि रंग मारायचा तो डिसेंबर ते मार्च, सकाळी अकरा वाजल्यानंतर, दव पूर्ण उडाल्यावर.

आमच्याकडे चासीला खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. भाऊही मारायचे. मी बंद केली. त्यात आम्ल असतं, रबरी बुश त्याने फुगून सडतात, आणि टपकतं ते सगळं आमच्या विहिरीच्या वाटेवर. त्याऐवजी मेणाचं द्रावण लांब नळीच्या पंपाने चासीच्या पोकळीत मारतो.

मूळ रंग कोणता होता याबद्दल आई आणि काका यांच्यात एकमत नव्हतं. मागची नंबरप्लेट काढली, तिच्याखाली तळहाताएवढा फिकट हिरवा रंग शाबूत होता. तोच करून घेतला. हौद्याच्या फळ्या नव्या, फणसाच्या, त्यांना काजूच्या सालीचं तेल पाजलं. होड्यांना लावतात तेच. वाळवी आणि पाणी दोन्ही लांब राहतात, पण हातमोजे घालूनच लावा, कातडी भाजते. मागच्या फाळक्याला डाव्या बाजूला एक खोल पोचा आहे. 1983 मध्ये घर बांधताना चिरे उतरवताना पडलेला. रंगारी तो ठोकून काढायला निघाला होता. मी त्याला थांबवलं, आतून-बाहेरून गंज काढून घेतला आणि पोचा ठेवला.

कागदपत्रं भाऊंच्या नावावर होती. मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म 31 लागतो. आईची आणि दोन्ही बहिणींची संमती, जुना थकलेला कर, विमा आणि गाडीची तपासणी. तपासणीच्या वेळी चासी नंबरचा ठसा घेतात: नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची. गंज काढताना चासीवर ग्राइंडर फिरवणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, नंबर कुठे आहे ते आधी शोधा आणि तेवढी जागा वायर ब्रशने, हातानेच साफ करा. तो आकडा घासला गेला तर कागदावर तुमची गाडी उरत नाही. आमचा नंबर नीट उमटला, पण पहिल्या फेरीत गाडी हँडब्रेकवर उतारावर थांबली नाही. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या, मागे एक वेगळा ड्रम असतो. तिथलं ऑइल सील गळत होतं आणि लायनर तेलाने माखलेले. सील आणि लायनर बदलून आठवड्याने परत गेलो. 2022 च्या मे महिन्यात गाडी रस्त्यावर यायला मोकळी झाली.

आणि मग मी चूक केली. टाकीत आतून गंजाची पूड दिसत होती. ती धुऊन आतून इपॉक्सीचा थर द्यायचा होता. हे काम मी जुलैत केलं. टाकी दोन दिवस पंख्याखाली ठेवली, हात घालून बघितलं, कोरडी वाटली. थर दिला. ऑक्टोबरात मोठी रपेट म्हणून केरीहून चोर्ला घाट चढायला घेतला. दुसऱ्या गिअरमध्ये ती छान ओढत होती. निम्म्या घाटात अडखळली, पुन्हा ओढली, मग एका वळणावर बंद. पंपाच्या काचेच्या वाटीत पिवळसर पापुद्रे तरंगत होते. ओल्या पत्र्यावर दिलेला थर सुटून पेट्रोलसोबत येत होता. मागून बेळगावच्या भाजीच्या गाड्या हॉर्न देत होत्या. वाटी साफ करत, दर दोन किलोमीटरला थांबत खाली आलो. सगळं काम पुन्हा. टाकी उतरवून सगळा थर खरवडला आणि जानेवारीच्या कडक उन्हात नव्याने दिला.

पेट्रोलचा विषय त्यानंतर मी फार मनावर घेतला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी ओल्या हवेत अर्ध्या टाकीने फार दिवस उभी राहिली तर ते पाणी इथेनॉलसकट तळाशी बसू शकतं आणि नेमकं तिथूनच इंजिनला जातं. जुन्या रबराचे होज आणि पंपाचा पडदा त्याने मऊ पडून चिरतात. मी ते सगळे व्हिटॉनचे, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराचे, केले, आणि पावसाळ्यात टाकी कायम गळ्यापर्यंत भरलेली ठेवतो, म्हणजे आत ओल्या हवेला जागाच राहत नाही. गिअरबॉक्समध्ये जीएल-4 दर्जाचं तेल घालतो, नवं भारी म्हणून कोणी जीएल-5 देऊ केलं तरी नाही, आतल्या पितळी रिंगांना काही जीएल-5 तेलं मानवत नाहीत. पाऊस संपला की आसाचं आणि गिअरचं तेल थोडं काढून बघतो. दुधी दिसलं तर पाणी शिरलंय. पाट्यांच्या शॅकलना आणि पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना पावसाआधी ग्रीस, पावसानंतर पुन्हा ग्रीस, जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत. ब्रेक ऑइल दरवर्षी दसऱ्याला नवं.

पण या सगळ्यापेक्षा मोठं औषध म्हणजे चालवणं. म्हणून शुक्रवार. भाऊंचाच वार. माल असो वा नसो, पहाटे म्हापशाला जाऊन यायचं. इंजिन पूर्ण तापतं, आतली ओल उडते, ब्रेक हलते राहतात. पहिला गिअर चालत्या गाडीत सहज पडत नाही, दोनदा क्लच दाबून मध्ये रेस द्यावी लागते. ते आता पायाला सवयीचं झालंय.

2023 च्या चवथीआधीचा, म्हणजे गणेश चतुर्थीआधीचा, शुक्रवार. कुळागरातले सुपारीचे कातरे, नारळाच्या पेंडी, केळीचे घड, रानातून आणलेली माटुळिंगं, कवंडाळं, कांगलं, आंबाडे. माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचा, सगळा संसार फणसाच्या फळ्यांवर रचला, वर ताडपत्री. शेजारी मुलगी. पाऊस कोसळत होता. काच वाफाळली की ती फडक्याने पुसायची. निघताना आईने दिलेला डबा तिने काही न सांगता झाकणावर ठेवला. बाजारात जागा मिळाली ती उतारावर. हँडब्रेक ओढला, क्षणभर पेडलवरून पाय पूर्ण उचलला नाही. गाडी थांबून राहिली. अकराच्या सुमारास माल संपला आणि आम्ही डबा उघडला.

घरी आल्यावर सायकलचा एक आरा घेऊन दरवाज्यांच्या खालच्या कडेची भोकं मोकळी केली. हे दर शुक्रवारचं काम. उजव्यातून स्वच्छ पाणी आलं. डाव्यातून आधी काहीच नाही, मग आरा फिरवल्यावर चमचाभर तांबडं. तो दरवाजा डिसेंबरात उघडायचा आहे.